हेघेबाईंचा तास

शाळेच्या वाचनालयाच्या बाईंना मुलं पाठीमागे हेघेबाई म्हणत. कारण सोपं होतं. एखादं पोरगं दारातून आत येऊन "बाई, मला ते ज्वालामु…" एवढं म्हणेपर्यंत बाई स्टुलावर चढून उतरलेल्या असायच्या, ज्वालामुखीचं पुस्तक त्याच्या छातीला टेकवलेलं असायचं आणि वर "हे घे!" म्हणूनही झालेलं असायचं. पोराला पुढे काय म्हणायचं होतं ते तो गिळून टाकायचा आणि मुकाट्याने बाकावर जाऊन बसायचा. बाईंना या चपळाईचा कोण अभिमान! आणि का नसावा? काही वाचनालयांत पुस्तक मागितलं की आधी चष्मा शोधतात, मग कपाटाची किल्ली शोधतात, तोवर मधली सुट्टी संपते. आपल्या बाईंचं तसलं काही नाही. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे, त्याच्या डावीकडे कोण बसलंय आणि कुणाचा पुठ्ठा निघालाय, हे त्या डोळे मिटून सांगतील.

तर अशा बाईंना एक दिवस मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बोलावून घेतलं. सर माणूस वाईट नाही. पण वेळापत्रक हातात आलं की त्यांच्या अंगात येतं.

"बाई, राग मानू नका," सर म्हणाले. कुणी असं म्हणालं की राग येणारच हे ठरलेलं. "हल्ली मुलांना काय हवं ते टॅबवर सापडतं. मग वाचनालयाचा वेगळा तास हवा कशाला? पुस्तकांची देवघेव मधल्या सुट्टीत होईल की. तो तास गणिताला देऊन टाकावा म्हणतो."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तो तास म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आठवड्यातून एकदा अख्खा वर्ग ओळीने आत यायचा, खुर्च्या सरकायच्या, पानं उलटायची. तेवढ्या एका तासात बाई शिक्षिका असायच्या. एरवी कपाटांच्या राखणदार.

सरांनाही वाईट वाटलं असावं. "असं करा," ते म्हणाले. "शाळांच्या ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण निघालंय. वाचन, तंत्रज्ञान, आणि काय ते, मुलांनी स्वतः प्रश्न विचारून शिकायचं. ते करून या. मग माझ्यासमोर एक तास घेऊन दाखवा. पटला तर तास राहील. नाही तर गणित."

बाई प्रशिक्षणाला गेल्या त्या दात-ओठ खात. इतकी वर्षं मुलांना पुस्तकं दिली ती काय झोपेत? पण गेल्या.

प्रशिक्षण दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात होतं. निरनिराळ्या शाळांचे ग्रंथपाल आले होते आणि शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, सर्दीने बेजार झालेल्या, दर वाक्याला रुमाल शोधणाऱ्या. त्यांनी पहिल्याच सकाळी एका लांब टेबलावर मुद्दाम पसारा मांडला. पुस्तकं, नकाशे, जुनी मासिकं, एक भिंग, कसली कसली चित्रं. "चहा घेऊन या," त्या म्हणाल्या, "मग या पसाऱ्यातून तुम्हाला कोणते प्रश्न पडतात ते बघू."

मंडळी चहा घेऊन परत आली आणि मॅडम सर्दी विसरून किंचाळल्याच. टेबल चकाचक! कुणीतरी कप खाली ठेवता ठेवता पुस्तकं विषयवार लावली होती. दुसऱ्या कुणाला ते न पटून त्याने ती लेखकवार लावली होती. नकाशांची गुंडाळी झाली होती, मासिकांची चळत झाली होती, भिंग पुसलेलं होतं. "अहो, हा पसारा म्हणजेच आजचा धडा होता!" मॅडम म्हणाल्या. सगळे ग्रंथपाल खाली माना घालून बसले. आपल्या बाई जरा जास्तच खाली, कारण विषयवार लावणाऱ्या त्याच.

दुपारी त्याहून मोठी फजिती. मॅडमनी प्रत्येकाच्या टॅबवर एक पान उघडून दिलं. एका दुर्मीळ प्राण्याची माहिती होती, उलटा चालणारा, झाडाच्या ढोलीत राहणारा आणि थंडीत रंग बदलणारा. पान खरं की खोटं ते सांगायचं. बाईंनी ते बारकाईने वाचलं, शेवटी संदर्भसूची पाहिली आणि ठणकावून सांगितलं, "खरं."

प्राणी अर्थातच मॅडमनी आदल्या दिवशी घरी बसून तयार केला होता.

"अहो, पण खाली संदर्भसूची होती!" बाई कळवळून म्हणाल्या. "आडनाव आधी, मग नाव, मग साल, स्वल्पविराम जागच्या जागी. खोटं बोलणारा माणूस एवढी नीट सूची कशाला करेल?"

सभागृहात हशा पिकला. पण बाकीच्या ग्रंथपालांपैकी निम्म्यांनी तेच उत्तर दिलं होतं, हे त्यातल्या त्यात समाधान. मग मॅडमनी शिकवलं, की पान समोर आलं की पहिल्यांदा विचारायचं, हे कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि लिहून त्याचा काय फायदा. आणि एका जागी सापडलं म्हणून गप्प बसायचं नाही, दुसरीकडे विचारायचं. बाईंनी ते मनावर घेतलं.

जे मनावर घेणं जड गेलं ते निराळंच. मॅडम म्हणाल्या, "मूल बोलायला लागलं की थांबा. ते अडखळलं तरी थांबा. ते गप्प झालं की एक खोल श्वास घ्या, सावकाश सोडा, आणि मगच तोंड उघडा. कारण पुष्कळदा खरा प्रश्न त्या गप्प बसण्याच्या पलीकडे असतो. आणि शक्यतो उत्तर देऊच नका."

उत्तर देऊच नका! बाईंना वाटलं, हे म्हणजे आचाऱ्याला सांगायचं की वाढू नकोस.

पण तास वाचवायचा होता. म्हणून बाईंनी घरीच सराव सुरू केला, नवऱ्यावर. नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे वाक्य नेहमी अर्धंच बाहेर यायचं आणि उरलेलं बाई पुरं करायच्या. संसार सुखाचा चालला होता.

त्या संध्याकाळी मास्तर मशीनवरून मान वर करून म्हणाले, "मला जरा…"

एरवी बाई इथेच उठून चहा टाकायच्या. आज त्या उठल्या नाहीत. खोल श्वास घेतला. सावकाश सोडला. मास्तर घाबरले. त्यांनी एकेक करत टाचण्या काढून मशीनजवळच्या सुयांच्या उशीला टोचल्या आणि म्हणाले, "काय गं, बरं वाटत नाही का?"

"मी ठणठणीत आहे. तुम्ही बोला. तुम्हाला जरा काय?"

"जरा ती खिडकी उघडून हवी होती. उकडतंय."

"खिडकी? आणि आजवर जो चहा देत आले तो?"

"तू आणून द्यायचीस," मास्तर म्हणाले. "एवढी प्रेमाने आणलेली वस्तू नको कशी म्हणायची? प्यायचो."

बाई हसता हसता रडायच्या बेताला आल्या. किती कप चहा उगाच पाजला या भल्या माणसाला! आणि शाळेत किती पोरांच्या छातीवर नको ती पुस्तकं टेकवली असतील, हेही त्याच वेळी मनात आलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी उठून खिडकी उघडली. मास्तरांनी पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

तासाचा दिवस उजाडला. वर्ग ओळीने आत आला. मागच्या भिंतीशी दोन खुर्च्यांवर मोठे सर आणि सर्दीवाल्या मॅडम. मधल्या टेबलावर बाईंनी स्वतःच्या हाताने पसारा मांडला होता, आणि तो करताना त्यांचे हात अक्षरशः दुखले होते. गेलेला बल्ब, गंजकं कुलूप, तुटकी छत्री, मास्तरांची बोथट कात्री, त्यांचाच जुना बटणांचा मोबाईल. "यातली कुठलीही वस्तू उचला आणि तुम्हाला काय विचारावंसं वाटतं ते विचारा," बाई म्हणाल्या.

आता एक गंमत सांगायलाच हवी. स्वभाव कुठे जातो! बाईंनी पाठीमागच्या फळीवर बल्बचं, कुलपांचं, छत्र्यांचं, लोखंडाचं, टेलिफोनच्या शोधाचं अशी सगळी पुस्तकं आधीच पुढे ओढून ठेवली होती. न जाणो, लागली तर!

"बल्ब जातो म्हणजे आत नक्की काय होतं?" एकाने विचारलं. बाईंचा उजवा हात आपोआप फळीकडे निघाला. त्यांनी तो डाव्या हाताने धरून खाली घेतला. मागे मॅडमनी रुमालात हसू लपवलं.

मग दुसऱ्या बाकावरची वेणीवाली उठली. ही मुलगी तशी अबोल. तिने मोबाईल उचलला, त्याची बटणं दाबून पाहिली आणि म्हणाली, "बाई, याचा नंबर…"

आणि थांबली.

टेलिफोनचं पुस्तक बाईंच्या कोपराशी होतं. 'हे घे' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मोठ्या सरांनी घड्याळाकडे पाहिलेलं बाईंना दिसलं. वर्ग चुळबुळला. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. खोल श्वास. सावकाश.

"म्हणजे," वेणीवाली म्हणाली, "माणूस गेला, की त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला देतात का?"

तिने मोबाईल टेबलावर परत ठेवला.

"माझे आजोबा गेले," ती म्हणाली. "त्यांचा नंबर मला पाठ आहे. आधी लावला की नंबर बंद आहे असं ऐकू यायचं. आता मी लावतच नाही. दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

पोर दर आठवड्याला समोर बसत होती आणि हे मनात घेऊन बसत होती. त्यांनी फळीकडे पाहिलं. ओढून ठेवलेल्या पुस्तकांपैकी एकाचाही काही उपयोग नव्हता.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या.

हेघेबाईंना माहीत नाही! मागे सर खुर्चीत सावरून बसले. संपलं, बाईंना वाटलं. गेला तास. पण तोंडातून शब्द निघाला तो असा, "कुठे मिळेल आपल्याला हे?"

आणि वर्ग उसळला. टॅब निघाले. एकाने लगेच वाचून दाखवलं, "नंबर कायम त्याच माणसाचा राहतो." "कुणी लिहिलंय?" बाईंनी विचारलं. पाहिलं तर कुणाचंच नाव नाही. दुसरं पान निघालं, ते शेवटी नवा फोन घ्या म्हणत होतं. पोरांनीच ते उडवून लावलं. मग एका फोन कंपनीचं स्वतःच्या नियमांचं पान सापडलं. भाषा अशी किचकट की तीन मुलं डोकी एकत्र करून एकेक ओळ सोडवत बसली. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, असा अर्थ निघाला.

"दुसरीकडेही विचारायला हवं," एक मुलगी म्हणाली. "माझी मावशी फोनच्या दुकानात आहे. तिला विचारू?"

आणि मोठे सर उठले. पुढे आले आणि त्यांनी स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. मुलीने नंबर लावून विचारलं, तशी मावशी दुकानातून मोठ्या आवाजात म्हणाली, "देतात, बाळांनो. बराच काळ बंद राहिला की देतात. किती काळ ते कंपनीवर आहे."

दोन्हीकडून एकच उत्तर आलं होतं. वेणीवाली उभीच होती. "म्हणजे तो आता कुणाकडे तरी असेल," ती म्हणाली.

"लावून बघ ना!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच, "लाव! लाव!"

सरांनी फोन तिच्यासमोर सरकवला. बाईंच्या मनात आलं, नको, पोर रडेल, आपणच नको म्हणावं, तिला जवळ घ्यावं. माया काय कमी होती? पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "तुला काय करायचंय?"

घंटा झाली. कुणी उठलं नाही. दाराबाहेर पुढचा वर्ग वह्या घेऊन येऊन थांबला, त्यालाही कुणी हाकललं नाही. वेणीवालीने फोनकडे पाहिलं, हात पुढे केला, मागे घेतला.

"आज नको," ती शेवटी म्हणाली. "उचलला तर काय बोलायचं ते अजून ठरलं नाहीये."

"काही घाई नाही," मोठे सर म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि सर्दी तर मॅडमना होती. "नीट ठरव. पुढच्या तासाला सांग आम्हाला."

पुढच्या तासाला! बाईंनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी बाईंकडे. आपण काय बोलून गेलो याचा सरांना पत्ताच नव्हता. ते वेणीवालीसमोर गुडघे वाकवून, तिच्या उंचीला येऊन विचारत होते, "तुझे आजोबा फोनवर काय बोलायचे गं तुझ्याशी?"

ती विचारात पडली. सर तिथेच वाकून थांबले.