मल्लेशचा लांब श्वास

मल्लेशचं गाव सिरोंच्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावर. घरात मासेमारी. जाळं खडकात अडकलं की वडील त्याच्याकडे नुसतं बघत आणि तो खाली जाई. खालचं पाणी आधी हिरवं, मग काळं. तो बोटांनी गाठ शोधत राही. वर नावेत वडील विडी ओढत बसत. विडी संपली आणि पोरगा अजून वर आला नाही, तरी त्यांनी कधी हाक मारली नाही.

बारावीनंतर त्यानं नर्सिंग केलं आणि चंद्रपूरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात लागला. पुरुष नर्सला तिथं ब्रदर म्हणतात. वरोऱ्याच्या वच्छला सिस्टर वीस वर्षं त्याच विभागात होत्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याला सक्शन शिकवलं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला खोकता येत नाही. कफ श्वासाच्या नळीत साचतो. तो तिथंच राहिला तर छातीत उतरतो आणि निमोनिया होतो. म्हणून त्या नळीतून दुसरी बारीक नळी घालून कफ ओढून घ्यायचा. पण ओढताना माणसाची हवाही ओढली जाते.

"बारीक नळी आत गेली का आपला श्वास धरायचा," त्या म्हणाल्या. "आपल्याले हवा लागली म्हणजे त्यालेबी लागली. लगेच भायेर काढायची. घड्याळाकडं पाह्यत बसू नको, हात चुकते."

मल्लेशनं तसंच केलं. सात महिने. त्याच्या पेशंटच्या छातीत घरघर ऐकू येत नसे. "याच्या पेशंटची नळी माह्या देवघरातल्या गडव्याहून साफ," वच्छला सिस्टर इतरांना सांगत. सक्शनच्या वेळी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा, मग वर जायचा. सगळ्यांच्याच हातून तो तसा येत-जात असेल असं त्याला वाटे. कोणी विचारलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

भादव्यात बुधरी आली. अहेरीच्या पलीकडच्या जंगलातलं गाव. जमिनीवर झोपलेली असताना मण्यार साप चावला होता. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, श्वास मशीनवर. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, कोलूला समजावलं. तिला सगळं ऐकू येतं, फक्त अंग हलत नाही. आठ-दहा दिवसांत विष ओसरेल आणि ती उठून बसेल. तेवढे दिवस छाती बिघडायला नको.

म्हणजे ते दिवस मल्लेशच्या हातात होते. तो दर वेळी हात धुई, तिचं तोंड आतून पुसून काढी, कूस बदली, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवी.

"काऊन असं उंच ठेवून राह्यले, भाऊ? मान दुखन तिची," कोलू म्हणाला.

"सपाट झोपवलं तर तोंडातलं पाणी छातीत उतरते."

"मंग मलेबी असंच झोपवा. ही म्हणते, मी लय घोरतो." त्यानं बायकोकडं पाहिलं. ती काही हसली नाही. तिला हसता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी कफ घट्ट झाला. मल्लेशनं नळी घातली, श्वास धरला आणि हळूहळू फिरवत ओढू लागला. कफ तारेसारखा येत होता. अजून होता. आकडा शहाण्णववरून ऐंशीवर आला, मग एकाहत्तरवर. नाडी एकशेदहा होती ती चाळीस झाली. मशीन वाजू लागलं. वच्छला सिस्टरनी येऊन त्याचा हात बाजूला केला, रबरी पिशवी जोडली आणि हवा दाबत राहिल्या. नाडी परत आली. बुधरीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं. ते मल्लेशनं पुसलं.

"किती वेळ ठेवली नळी?" सिस्टरनी नंतर विचारलं.

"माझा श्वास संपला नव्हता, बाई."

त्या त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. "धर श्वास."

त्यानं धरला. खोलीत सलाइनची खोकी होती, कोणाचा तरी डबा उघडा होता. दोन मिनिटं दहा सेकंदांवर त्याच म्हणाल्या, "बस कर."

त्या खुर्चीवर बसल्या. "दहा सेकंद पायजे होते मले. सांगतानी दहाच म्हणायचं होतं."

मल्लेशला त्याच्याच देखरेखीतला इतवारी म्हातारा आठवला. दोन महिन्यांपूर्वी तो गेला, तेव्हा मृत्यूच्या कागदावर निमोनिया लिहिलं होतं. असेलही. पडताळायला तो कागद आता दवाखान्यात नव्हता.

त्या दिवसापासून तो मोठ्यानं मोजू लागला. आधी बुधरीच्या कानाशी सांगायचा, "नळी टाकतो." मग ओकटी, रेंडू, मूडू. आकडे त्याच्या तोंडात घरच्या तेलुगूतच येत. दहाला नळी बाहेर. कफ राहिला तर थांबायचं, ऑक्सिजन द्यायचा, पुन्हा मोजायचं.

सहाव्या दिवशी तिच्या पापण्या किंचित उघडल्या. आठव्या दिवशी बोटं हलली. छातीचा फोटो साफ आला. नवव्या दिवशी श्वासाची नळी निघाली.

दहाव्या दिवशी मल्लेशनं कोलूला व्हरांड्यात गाठलं. "त्या दुपारी चूक माझी होती. नळी लय वेळ आत राह्यली. ती जाऊ शकत होती."

कोलूनं त्याच्याकडं पाहिलं. "वाचली ना?"

"हो."

"मंग झालं."

दोघं आत आले. बुधरी उशीला टेकून चहा पीत होती. गळा बसलेला होता, पण घोट नीट जात होता. मल्लेशनं हात धुतले, कापूस घेतला आणि म्हणाला, "हातातली सुई काढतो."

तिनं हात चादरीखाली ओढला. पापण्या मिटलेल्या असताना, जीव गुदमरला त्या दुपारीही, तिनं फक्त त्याचा आवाज ऐकला होता. आता ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग ती कोलूशी गोंडीत काहीतरी बोलली, थोडंसंच.

कोलूनं खाली पाहिलं. "ती म्हणते, बाईले बोलवा."

मल्लेशनं जाऊन वच्छला सिस्टरना सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बुधरीनं त्यांच्यासमोर हात बाहेर काढला. मल्लेश पडद्याबाहेर उभा राहिला. सुई निघताना तिनं हूं की चूं केलं नाही. त्याच्या हातात कापूस तसाच होता. तो त्यानं कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला आणि तीन नंबरच्या पलंगाकडं गेला. तिथं छातीत घरघर होत होती.