जेठीची वाट, नव्या कॉम्प्युटरवर

चालणारा कॉम्प्युटर अडगळीत टाकायचा आणि न चालणाऱ्याला हार घालायचा, ही पद्धत ज्या कोणी काढली त्याने आयुष्यात एकाही मुलाला काही शिकवलेलं नसणार. त्याचं नाव मला माहीत नाही. शोधलं असतं तरी तो बदली होऊन गेलेला असता.

मी मोखाड्याच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत कंत्राटी कॉम्प्युटर शिक्षिका आहे. आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये किस्से धुळीसारखे साचतात, आणि धूळ पुसायला फडकं हवं तर त्यालाही अर्ज लागतो. म्हणून नुसतेच सांगते.

सगळे एका गेमचे आहेत. ‘जेठीची वाट’. खूप वर्षांपूर्वी काही उत्साही मंडळींनी या भागातल्या शाळांसाठी बनवला होता. जेठी नावाची मुलगी, पाड्यातला झरा आटलाय, आणि तिला डोंगरावरचं पाणी शोधायचंय. वाटेत माकड हंडा पळवतं, म्हातारी कोडी घालते, खेकडा वाट अडवतो. खरी गंमत म्हणजे ही सगळी इथल्या मुलांच्या घरच्या बोलीत बोलतात. माझ्या तासाला मान खाली घालून बसणारी मुलं त्या माकडाला चक्क शिव्या देतात.

पाचवीतली सांगी त्यात सगळ्यांच्या पुढे. ती सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. मोठ्या बहिणीचं लग्न झालं, घरी पाणी भरायला कोणी उरलं नाही, म्हणून पुढच्या जूनपासून सांगीला शाळेत पाठवायचं नाही असं आईने ठरवलेलं. हे मला सांगीने सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, खेकड्याशी भांडता भांडता.

*

मग नवे कॉम्प्युटर आले. एका खोलीत दोन संच ठेवता येत नाहीत, असा नियम निघाला. जुने त्याच दिवशी कोठीत गेले. नव्यांचं उद्घाटन व्हायचं होतं, त्यामुळे त्यांच्यावरचं प्लास्टिक काढायला मनाई. साहेबांना वेळ मिळेना. आठवडे गेले.

मी मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते फळ्यावर. खडूने कीबोर्ड काढून.

मुख्याध्यापक सर दारात उभे राहून म्हणाले, “छान. असं शिकवलं की वस्तू खराब होत नाही.”

*

गेमची एकच सीडी होती आणि ती आमचे क्लार्क, म्हणजे भाऊसाहेब, यांच्या कपाटात. दसऱ्याला शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. भाऊसाहेब भाविक माणूस. त्यांनी गिरणी पुजली, पंप पुजला, आणि सीडी उघडून तिच्या चकचकीत बाजूला ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

मी म्हणाले, “भाऊसाहेब, त्याच बाजूला सगळं असतं हो.”

त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सीडी माझ्या टेबलावर. राखेने आणि काथ्याने घासलेली, समईसारखी.

“एक डाग ठेवला नाही, मॅडम,” ते म्हणाले. माणूस इतका खूश होता की मी आभार मानले.

*

उद्घाटन झालं. ठाण्याहून कंपनीचा इंजिनीअर आला. गेम नव्या सिस्टिमवर चालेल का, असं मी विचारलं. जुन्या मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये घेता येईल, असंही मीच सुचवलं.

त्याने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, “मॅडम, तो एक्सपायर झाला.”

“खोकल्याचं औषध आहे का?”

“समजा तसंच. आणि या मशीनवर बाहेरचं काही टाकायचं नाही. पासवर्ड आमच्याकडे.”

“आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरचा?”

“हो. सेफ्टीसाठी.”

जाताना तो उद्घाटनाचा नारळ मात्र घेऊन गेला. तो बाहेरचा नव्हता बहुतेक.

*

शेवटी मी माझा लॅपटॉप आणला. कोठीत तांदळाच्या पोत्यांवर जुना मॉनिटर ठेवून मशीन सुरू केलं. ते बिचारं पहिल्या झटक्यात सुरू झालं. अडगळ म्हणून टाकलेलं. गेम पेनड्राइव्हमध्ये घेतला, सांगी जिथे थांबली होती ती जागासुद्धा जशीच्या तशी आली.

लॅपटॉपच्या नव्या सिस्टिममध्ये एक खोटी जुनी सिस्टिम उभी केली. गेम उघडला आणि अक्षरांच्या जागी चौकोन. जुना फॉन्ट शोधून घातला. मग चित्र नीट आलं, पण जेठी अशी सुटली की बघायची सोय नाही. गेम जुन्या मशीनच्या वेगावर मोजून बनवलेला, माझ्या लॅपटॉपवर तो धावतच होता. माउस हलवायच्या आत माकडाने हंडा पळवलेला असायचा.

सांगी म्हणाली, “बाई, हिला काय झालंय?”

मागे मुख्याध्यापक सर होते. “चांगलंय की. अभ्यासक्रम लवकर संपेल.”

मी शनिवार-रविवार बसून वेग खाली आणला. जेठी पुन्हा माणसासारखी चालायला लागली.

*

तपासणीला साहेब आले. मुलं माझ्या लॅपटॉपभोवती. म्हातारी बोलत होती.

साहेबांनी विचारलं, “ही कुठली भाषा?”

“यांची, साहेब.”

“शाळेत प्रमाण मराठी कानावर पडली पाहिजे. नाहीतर ही मुलं पुढे कशी जाणार?”

मी बोलायला तोंड उघडलं. मुख्याध्यापक सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं कंत्राट एप्रिलअखेर संपतं हे मला आठवावं. आदेश निघाला, आवाज बंद.

दुसऱ्या दिवशी मी आवाज बंद करून गेम लावला. मुलांना सगळं पाठ होतं. म्हातारी सांगी झाली, खेकडा कोणी झाला, माकडं तर सगळीच झाली. व्हरांड्यापर्यंत कल्ला.

सर धावत आले. “मॅडम, आवाज बंद करायला सांगितलं होतं.”

“बंदच आहे, सर.”

*

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या दिवशी सांगीची आई तिला न्यायला आली. दोन तास चालून, मग जीपने. सांगी गेमच्या अगदी टोकाला पोचली होती. मी आईला म्हणाले, “ताई, पाच मिनिटं बसा. पोरीची हुशारी बघा, मग ठरवा.”

मी खूप बोलले. बघा, ही न घाबरता पुढे जाते. चुकली तर दुसरी वाट शोधते. हिला शिकू द्या. ती खुर्चीवर बसलीच नाही, टेबलाला धरून उभी राहिली आणि बघत राहिली.

सांगीने शेवटच्या कड्याला वेलीचा दोर बांधला, खेकड्याला मागे ढकललं, म्हातारीचं कोडं सोडवलं. कपारीतून पाणी आलं. जेठीने हंडा भरला, डोक्यावर घेतला, डोंगर उतरून पाड्यात आली. सगळा पाडा नाचायला लागला. स्क्रीनवर आलं, ‘शाब्बास! जेठीची वाट संपली.’

सांगीने वळून आईकडे पाहिलं. मीही पाहिलं.

आई अजून स्क्रीनवरच्या हंड्याकडे बघत होती. मग तिने मला विचारलं, “मंग उद्या? उद्या परत हिलाच जावा लागल ना पान्याला?”