पोरीच्या दुधाचा खटला

माझं लग्न झालं तेव्हा ग्वाल्हेर संस्थान होतं आणि मुलगी झाली तेव्हा मध्यभारत. मधल्या काळात राज्य बदललं, कायदे बदलले, वडिलांचं दरबारातलं खातंच बंद झालं. बदलले नाहीत ते फक्त माझे सासरे. मुलगी झाली तेव्हा मी सोळाची, आमचे हे सतराचे. कॉलेजात इंटरला होते, पण लक्ष सगळं क्रिकेटात.

मामंजींना दरबारात खुर्ची होती. दरबार गेला, पण खुर्ची त्यांच्या डोक्यातून काही उठली नाही. बारशाच्या पंगतीत वडिलांनी चुकून त्यांचं पान माझ्या काकांच्या पानानंतर मांडलं. झालं! मामंजी पाटावरून उठले, पागोटं सावरलं आणि न जेवता थेट किला गेटला आपल्या घरी. त्या दिवसापासून मला न्यायला कोणी फिरकलं नाही. पोर दाना ओली मोहल्ल्यात माझ्या माहेरीच रांगायला लागली. तिला वरचं दूध लागायला लागलं आणि वडील तर घरी बसलेले. त्यांनी गुपचूप स्वतःचा चहा बंद केला, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, जळो ती पंगत आणि जळो तो मान!

काका वकील होते. ते म्हणाले, "अर्ज करू. पण एक ऐक, पोराला पोसायचं ते बापानं. बाप कॉलेजात शिकत असला तरी बापच. आजोबांना कायदा हात लावत नाही."

म्हणजे कोर्टाचा हुकूम झाला, तर ह्यांना कॉलेज सोडून गिरणीत जावं लागणार. इंटर अर्धवट सोडलेला नवरा जन्मभर सांभाळायची माझी मुळीच तयारी नव्हती. पोरीला दूधही हवं होतं आणि हे कॉलेजातही हवे होते. रात्रभर विचार केला आणि सकाळी काकांना म्हटलं, "कोर्टात एवढंच करा. मामंजींचा ह्या प्रकरणाशी काही संबंध नाही, त्यांना बाहेर बसवा, असं म्हणा."

काका म्हणाले, "कार्टे, वकील तूच व्हायला हवी होतीस."

मॅजिस्ट्रेट बाहेरून बदलून आलेले, इथं कोणाला केवढा मान ते त्यांना काय ठाऊक! मामंजी अंगरखा-पागोटं घालून आले आणि कोणी न सांगता पुढच्या खुर्चीवर बसले. काका उठले, चेहरा अगदी गरीब गाईचा. "हुजूर, बच्ची का बाप यह लड़का है. इन बुज़ुर्ग का इस मामले से कोई ताल्लुक़ नहीं. इन्हें बाहर बैठने को कहा जाए."

साहेब सहज म्हणाले, "हाँ बाबा, आप बाहर बैठिए."

बाबा! मी तोंडात पदर कोंबला. मामंजी ताडकन उठले. "माझ्या घरचा मामला आणि मी बाहेर? अजून मिसरूड फुटलं नाही त्या पोराच्या नावानं हुकूम निघणार? घरचा कर्ता मी आहे! माझं नाव लिहा!"

साहेबांनी बिचाऱ्यांनी परोपरीनं समजावलं की कायद्यानं तुमच्यावर काहीही येत नाही. ते जितकं समजावत, तितके मामंजी भडकत. शेवटी कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहून दिलं की नातीचा सगळा खर्च तिच्या लग्नापर्यंत माझ्याकडे. खाली सगळ्या किताबांसकट सही ठोकली. काकांनी लगेच वर टिपकागद दाबला.

पोरीला कडेवर घेऊन कचेरीच्या आवारात आले तेव्हा मला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात हे समोर आले. बारशानंतर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांशी बोलणार होतो. वाटलं, आता पोरीकडे बघतील. तर म्हणतात, "बच गए! मला वाटलं, कॉलेज सुटतंय." आणि फाटकाकडे मान वळवली. तिथे ह्यांचा दोस्त बॅट घेऊन उभा होता.

दूध मिळवायच्या नादात मी पोरीच्या बापालाच मोकळं करून बसले होते. असा राग आला, ह्यांचा आणि त्याहून जास्त माझा! मी पोर कडेवरून उचलली आणि ह्यांच्या हातात दिली.

"अगं, मला धरता येत नाही!"

"मला तरी कुठे येत होतं?" म्हटलं आणि मागे न बघता थेट महाराज बाड्यावर, भर बाजारात गेले. एकटी, रिकाम्या हातांनी. बांगड्यांच्या दुकानापुढे उभी राहिले, पण बांगडी एक दिसली असेल तर शपथ. रडत असेल का? कोणाच्या तरी हातात देऊन हे खेळायला गेले असतील का? पाऊण तासही धीर निघाला नाही.

धावतच परत आले. हे त्याच जागी उभे, पाय तसूभर हलवलेला नाही, सदरा छातीपासून खाली ओला. दोस्त फाटकातून हाका मारून मारून निघून गेलेला. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर माझ्यावर डोळे वटारले.

"हळू बोल," हे कुजबुजले. "आत्ता कुठे झोपलीये."