उजवीकडं पाव आटा

कबनूरच्या त्या घरात बोलायची एकच रीत होती, ओरडायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून चार यंत्रमागांची शेड. त्रिशलाकाकू मगदूम लग्न होऊन तिथं आल्या तेव्हा कितीतरी दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढं लाईट गेली आणि माग थांबले, की दचकून जाग यायची. कांड्या भरता भरता, तुटलेलं सूत जोडता जोडता तिशी गेली, चाळिशी गेली, आणि मधेच कधीतरी कान गेले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग पाखरं.

कान गेल्याचं काकूंनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच. माग विकायचं ठरलं, ते त्यांच्यादेखत ठरलं. पुढच्या खोलीत नवरा अण्णासो, मुलगा सम्मेद आणि भंगारवाला बसले होते. काकूंनी स्वतः चहा नेऊन दिला, हसून कपबशा परत आणल्या. आणि त्याच आठवड्यात दारात टेंपो लागला.

"हे काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

"माग विकलं की," अण्णासो म्हणाले.

"मला का सांगितलं न्हाय?"

"तुझ्यासमोरच बोलत हुतो की आमी. तुलाच ऐकू आलं न्हाय, त्याला काय करायचं?"

काकूंनी टेंपोकडं पाठ केली. पण ते वाक्य रुतलेल्या काट्यासारखं त्यांच्या आत राहिलं.

माग गेले तसं कबनूरही सुटलं. सम्मेदचं शाहूपुरीत जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान, त्याला जवळ पडावं म्हणून राजारामपुरीत फ्लॅट घेतला. सम्मेदनं हौसेनं आईला कानाचं मशीन आणलं. ते घातलं की ताटवाट्यांचा आवाज अंगावर यायचा, माणसांचा नाही. काकू ते देवळात जाताना घालायच्या आणि घरी आल्या की डबीत ठेवायच्या.

त्या फ्लॅटच्या गॅलरीत एक ट्रक धूळ खात पडला होता. खेळण्यातला म्हणावा, तर उचलताना कमरेत कळ यायची. रिमोटवर चालणारा, पण सेल-बॅटरीवर पळणारा नव्हे. त्याला खरंखुरं इंजिन होतं, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालायचं, दोरी ओढून चालू करायचं. सम्मेदनं तो कुणाकडून तरी जुना घेतला, एक-दोन रविवार पळवला आणि वैतागून गॅलरीत टाकला.

काकूंनी एकदा तो पुसायला घेतला. पुसता पुसता त्याच्या पोटात डोकावल्या.

"ह्याला काय झालंय रं?"

सम्मेद समोर येऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा. "कार्बोरेटर सेट हुईना. रेस दिली की बंद पडतंय."

"मी बघतो की."

सम्मेद हसला. वाईट पोरगा नव्हता तो. पण बोलून गेला, "आई, ते कानानं जुळवायचं असतंय. आवाज ऐकत ऐकत स्क्रू फिरवायचा. तुला कसं जमंल?"

काकूंनी फडकं खाली ठेवलं. "स्क्रू ड्रायव्हर कुठाय?"

त्या कार्बोरेटरला पेट्रोलचे दोन स्क्रू. एक गाडी हळू असतानाचा, एक जोरात पळतानाचा. डावीकडं फिरवला की पेट्रोल जास्त, उजवीकडं फिरवला की कमी. जास्त झालं तर इंजिन धूर ओकतं आणि खोकतं. कमी झालं तर गाडी वाऱ्यासारखी पळते, पण पेट्रोलबरोबर जाणारं ऑईलही कमी पडतं, आणि आतलं लोखंड कोरडं घासतं. एवढं सम्मेदनं सांगितलं. बाकी आवाजावर, म्हणाला.

उजळाईवाडीच्या पुढं विजयसिंह नावाच्या एका शेतकऱ्याचं माळरान होतं. घरी म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, आणि रविवारी ह्या गाड्यांचं वेड. त्यानं माळावर मातीचे उंचवटे करून ट्रॅक आखला होता. दर रविवारी तिथं गाडीवाले जमायचे. काकू पहिल्यांदा गेल्या त्या दिवशी त्यांनी स्क्रू उजवीकडं नेला, आणखी नेला. ट्रक असा सुटला की काकूंना रिमोट दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागला. आनंदानं त्यांचा ऊर भरून आला. आजूबाजूची माणसं हात हलवत होती. काकूंना वाटलं, शाब्बासकी देतायत. मग ट्रक जागच्या जागी मेला. दोरी ओढली, हलेना. पिस्टन आत चिकटला होता.

"इंजिन किंचाळत हुतं, आई," सम्मेद म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं. तरी मी सांगत हुतो."

 घरी परतल्यावर जिना चढताना काकू म्हणाल्या, "नवा पिस्टन मागव."

"कशाला? विकून टाकू या."

"मागव म्हटलं की."

अण्णासोंनी कपाळाला हात लावला. "अगं, ह्या वयात हे काय खूळ? शेजारच्या पूर्णिमावैनी दुपारी स्वाध्यायाला जात्यात, तसं जावं, दोन शब्द कानावर..." आणि ते स्वतःच थांबले.

"स्वाध्यायाला मी जातोच," काकू म्हणाल्या. "तिथंबी जाणार, आणि हेबी करणार. माझं इंजिन मी मोडलंय, मीच जोडणार."

पुण्याहून पिस्टन आला. काकूंनी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून इंजिन उघडलं. अण्णासो कुरकुरत बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. एक क्लिप उडून फ्रिजखाली गेली ती त्यांनीच पोटावर झोपून काढली.

पुढच्या रविवारी काकूंनी कानांचा नाद सोडून दिला. कबनूरला मागाच्या अंगावर तळवा ठेवला, की सूत नेणारा धोटा सरळ जातोय का अडखळतोय हे त्यांना कळायचं. त्यांनी ट्रक चालू केला आणि गुडघे टेकून त्याच्या सांगाड्यावर तळहात ठेवला. हात सांगेल ते ऐकायचं. पेट्रोल जास्त असलं, की धडधड मधेच एक ठोका गिळायची, दम लागलेल्या माणसासारखी. कमी असलं, की बारीक, कोरडी थरथर हातभर चढायची, मुंग्यांसारखी. दोन्हीच्या मधे कुठंतरी एक गोल, भरलेली धडधड होती. ती काकूंना कधी सापडायची, कधी निसटायची. जोराच्या स्क्रूला हात उपयोगाचा नव्हता. पळत्या गाडीवर हात कसा ठेवणार? तिथं त्या धूर बघायच्या, आणि गाडी थांबली की प्लग काढून रंग बघायच्या. काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी. चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला, की जमलं. तीन बोटं भाजली. एकदा पदर सायलेन्सरला चिकटला. तेव्हापासून काकू पदर खोचून बसायला लागल्या.

दिवाळीनंतर विजयसिंहनं शर्यत ठेवली. इचलकरंजी, सांगलीकडून माणसं आली. काकूंनीही नाव दिलं. सम्मेद म्हणाला, "आई, आजच्या दिवस मी ट्यून करतो." काकूंनी ट्रक स्वतःकडं ओढला.

बाकी सगळ्यांचे काकू ओठ वाचायच्या, पण विजयसिंहचा आवाज असा खणखणीत, की मशीनशिवाय त्यांना ऐकू येणारा तेवढा तो एकच माणूस. तो जवळ येऊन म्हणाला, "काकू, गाडी गुरगुरायल्या. पेट्रोल जादा हाय. स्क्रूला उजवीकडं पाव आटा द्या, पाव फेराच. आणा हिकडं, मी करतो."

"ऱ्हाऊ दे."

"अवो, आवाजावरनं कळतंय की!"

"तुला कळतंय. मला माझं कळू दे."

तो हसून गेला. काकू पाणी प्यायला तंबूत गेल्या. परत आल्या, दोरी ओढली, सवयीनं सांगाड्यावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. हाताखाली वेगळीच धडधड होती. त्यांनी इंजिन बंद केलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"कुणी फिरवला?"

कानानं कमी ऐकणाऱ्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. सगळ्या माळानं ऐकलं. गाड्या रांगेत लागल्या होत्या, झेंडीवाला थांबला.

"आई, हळू," सम्मेद म्हणाला.

"कुणी फिरवला म्हटलं मी!"

विजयसिंह पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "मीच, काकू. चांगल्यासाठीच केलं. तुमची गाडी मागं पडू नये म्हणून."

"आणि मला विचारलं न्हाईस?"

"तुम्ही तिकडं हुता... म्हटलं, तुमाला काय कळणाराय."

"माझ्या पाठीमागं चांगलंबी करायचं न्हाय," काकू म्हणाल्या. आवाज तसाच, माळभर. "आजवर सगळ्यांनी माझ्या चांगल्याचंच केलंय. माझ्यासमोर केलंय, माझ्या हातचा चहा पीत केलंय. बास झालं. ह्यो स्क्रू माझा हाय. बिघडला तर माझ्या हातानं बिघडू दे. इंजिन जळलं तर मी जाळलं म्हणीन. पण हात लावायचा न्हाय कुणी."

सम्मेद मान खाली घालून उभा होता. अण्णासो तंबूतल्या खुर्चीतून उठले होते. बायकोला थांबवायला असं सम्मेदला वाटलं. पण ते येऊन ट्रकपाशी उकिडवे बसले आणि स्क्रू ड्रायव्हर काकूंच्या हातात दिला.

झेंडीवाला घड्याळ दाखवत होता. काकूंनी त्याच्याकडं पाठ केली. इंजिन चालू केलं, हात ठेवला, स्क्रू डावीकडं घेतला, वाट बघितली, तळव्याला पटेपर्यंत. मग उठून ट्रक रांगेत लावला.

शर्यतीत काय झालं ते सांगायला हवं. सहा गाड्यांत काकूंची चौथी आली. वळणातून बाहेर पडताना ट्रक दर वेळी खोकायचा, निळसर धूर सोडायचा आणि मग पळायचा. इचलकरंजीची गाडी त्यांना तशाच एका वळणावर मागं टाकून गेली. काकूंनी शेवटपर्यंत रिमोटचा ट्रिगर सोडला नाही.

संपल्यावर त्यांनी प्लग काढला. विजयसिंह जरा लांबच उभा होता. काकूंनी त्याला हातानं जवळ बोलावलं आणि प्लग पुढं धरला. काळा, ओलसर.

"जादाच हुतं," काकू म्हणाल्या. "तू म्हणत हुतास ते बरोबर हुतं."

विजयसिंहनं प्लग निरखून बघितला. "मग... माझं ऐकलं असतं तर दुसरा नंबर तरी..."

"आसंल."

"वाईट न्हाय वाटत?"

"वाटतंय की. लई वाटतंय." काकूंनी प्लग पदराला पुसला, परत बसवला. "पण ते माझं मला कळलं."

माणसं गाड्या टेंपोत चढवत होती, बक्षिसं वाटून झाली होती. सम्मेद किल्ली हातात घेऊन आला. "चला की आई, ऊन किती हाय."

"तू बस जा सावलीत," त्या म्हणाल्या आणि अण्णासोंकडं वळल्या. "ओ, दोरी वढा जरा."

अण्णासोंनी बाह्या सरसावल्या. दोनदा ओढूनही इंजिन लागलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पाय रोवून असा हिसका दिला की टोपी उडाली, आणि इंजिन धडधडलं. काकूंनी तळहात टेकवला, स्क्रूला पाव आटा उजवीकडं दिला आणि रिकाम्या ट्रॅकवर ट्रक सोडला.