उलटा बाक

रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रातल्या पडद्यावर सकाळपासून एक हिरवी लहर हलते आहे. अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त जोर मागितला, की तिचा गोल माथा चपटा होतो आणि रेडिओवर आवाज फाटतो.

माझ्या वरिष्ठ सुलभाताई म्हणाल्या, "अ‍ॅम्प्लिफायरचा स्वभाव बदलायला जाऊ नकोस. तो माथा दाबणार, हे ठाऊक आहे ना? मग आत सोडतानाच माथा थोडा उंच करून दे."

तसं केलं. आत वेडीवाकडी गेलेली लहर बाहेर आली ती छान गोल.

चहा घेत मी तिच्याकडे बघत बसले आणि आई आठवली. मी साध्या गोष्टीचाही बाऊ करते, हे तिला पक्कं माहीत. म्हणून गावाहून फोनवर बोलताना ती दुखणं आधीच लहान करते. ताप असला तर म्हणते, "जरा कणकण आहे." माझ्या मनात पोचेपर्यंत ते बरोबर खऱ्याएवढं होतं.

काल मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी अगदी ठणठणीत आहे गं."

पडद्यावरची लहर संथ हलते आहे. मी कप खाली ठेवला.

"सुलभाताई, मला आजच गावी जायला हवं."