पाठीवरचा खडू

"शब्दाला सासरी ओळखू नये, त्याचं माहेर विचारावं," असं म्हणत आमच्या इंग्रजीच्या मॅडम रोज फळ्यावर एक शब्द लिहायच्या. इंदिरानगरातल्या त्याच क्लासमध्ये मी मराठी शिकवते. डबा आम्ही एकत्र खायचो.

त्यांच्या पाठीवर कायम खडू. "फळा पाठीवर घेऊन फिरता की काय?" मी चिडवायचे. त्या हसायच्या. मोठं, मोकळं हसू, कोणाशीही. असं हसणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. तिच्याबद्दल लोक काय बोलतात तेही ऐकलं असेल.

बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला की ते हसू थांबायचं. क्लासचे मालक, आमचे सर, तो बोटावर फिरवत यायचे, आणि मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचे. म्हणून मॅडम आधीच पाठ फळ्याला चिकटवायच्या. हे मला कळलं, आणि मी डब्यात तोंड घातलं.

एकदा झेरॉक्सपाशी सरांनी त्यांचं मनगट धरलेलं मी पाहिलं. मॅडमनी मला पाहताना पाहिलं.

त्यांनी तक्रार केली. सर स्टाफसमोर हसले. "कोकेट आहे हो! पुरुषांना खेळवायचं, मग रडायचं."

"ताई, जे पाहिलंत तेवढंच सांगाल ना?" मॅडमनी विचारलं.

"सांगेन की."

चौकशीला बाहेरच्या दोन बायका आल्या होत्या. सर समोर. जुडगा टेबलावर.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर 'कोकेट' लिहिलं. "याचं माहेर फ्रान्स. मूळ घराणं कोंबड्याचं. तुरा ताठ करून मिरवणाऱ्या पुरुषांनाही म्हणायचे हे. पुढे पुरुष अलगद निसटले, शब्द बायकांच्या गळ्यात राहिला."

मागच्या बाकावर कोणीतरी आरवलं. वर्ग हसला. बाहेर जुडगा वाजला, आणि दारात उभी असलेली मी धावत जाऊन तो शब्द पुसला. हातानेच.

मॅडम माझ्या पांढऱ्या हाताकडे बघत राहिल्या. "तुम्हीही भिंत धरून राहा, ताई." पर्स उचलून गेल्या. फोन मी केला नाही. काय बोलणार होते?

त्यांच्या जागी आता एक तरुण मुलगी आलीय. काल तिच्या पाठीवर खडू दिसला. झटकायला हात लावला, तर केवढी दचकली!

"मी आहे गं."

तेवढ्यात जुडगा वाजला. मी दारात जाऊन उभी राहिले.

"सरका की, मॅडम," सर म्हणाले.

मला सरकता येईना.