कळण्याची भाकरी आणि आबांचा उजवा हात

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जळगावच्या दवाखान्यातून त्यांना असोद्याला घरी आणलं. बोलणं अडखळत का होईना परत आलं, पण हात मांडीवर नुसता पडून असायचा. तो पुन्हा हलेल की नाही, एवढाच प्रश्न घरात उरला होता.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा बिस्किटांचा पुडा आणतो. केळीच्या बागांच्या गावात केळी कोण आणणार? त्यात आईचं ठाम मत, कळण्याची भाकरी आता जड जाईल. उडीद-ज्वारीच्या त्या भाकरीवर ज्यांचा जन्म गेला, त्यांना आम्ही दूधबिस्किटं आणि साबुदाण्याची खीर चमच्याने भरवत होतो. माया उतू चालली होती आणि आबांचं पोट दगड झालं होतं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जेवणाचं विचारलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, आतड्यात अगणित जिवाणू राहतात आणि भाकरी-डाळीतला चोथा हे त्यांचं जेवण. तो खाऊन ते काही आम्लं तयार करतात. ती रक्तातून फिरतात आणि मेंदूतली सूज निवळायला मदत करत असावीत. उंदरांमध्ये तसं दिसलंय, माणसांत अजून शोध चालू आहे. गोळ्या आणि व्यायाम मात्र सोडायचे नाहीत. मग गिळणं तपासून त्यांनी डाळीत भिजवलेल्या भाकरीला परवानगी दिली.

गाडीत मी आबांच्या पोटाकडेच बघत बसलो. एवढं मोठं खटलं या माणसाच्या आत नांदतंय, आणि तिथे शिजलेलं काही थेट डोक्यापर्यंत जातं! मला खरंच हात जोडावेसे वाटले.

आधी पोट सुधारलं. व्यायाम रोज कुरकुरत चालूच होता. काही आठवड्यांनी एका दुपारी आईने ताट ठेवलं. भाकरी आपल्या हाताने चुरल्याशिवाय आबांना जेवल्यासारखं वाटत नाही. उजवा हात मांडीवरून सरकला, ताटाच्या काठाशी अडला, मग बोटं भाकरीवर गेली. हे गोळ्यांनी केलं, व्यायामाने, की आतल्या त्या अगणितांनी, मला आजही सांगता येत नाही.

तुकडा काही मोडेना. आईने मदतीला हात पुढे केला, तर आबांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला.

"मले करू दे," ते म्हणाले.